मॉरिशसचा घरखर्च: आकडे वाचायचे कसे?

कोकणातून एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही तिथे मराठी सण साजरे करतात. तिथलं चलनही रुपयाच, पण तो आपला रुपया नव्हे. हा घोळ आधी डोक्यातून काढा आणि मग आकड्यांना हात घाला.

पहिलं काम: जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर मॉरिशसच्या कुटुंबांच्या अंतिम उपभोग खर्चाची, म्हणजे घरखर्चाची, वर्षवार मालिका मिळते. त्यातली स्थिर किमतींची (महागाईचा परिणाम काढून टाकलेली), स्थानिक चलनातली घ्या. चालू किमतींची, डॉलरमधली घेतलीत तर फसाल. 2019 मध्ये डॉलरला साधारण 36 मॉरिशियन रुपये पडत, 2023 मध्ये 45 च्या आसपास. म्हणजे घरातला खर्च वाढला तरी डॉलरमध्ये तो आक्रसलेला दिसू शकतो.

मग लोकसंख्येने भागा. इथे जरा थांबा. 2019 मध्ये या बेटावर सुमारे 13.8 लाख पर्यटक आले. राहणारी माणसं त्याहून कमी, साडेबारा लाखांच्या घरात. पर्यटकांनी हॉटेलात उधळलेला पैसा ही निर्यात, रहिवाशांचा घरखर्च नव्हे. एखाद्या तक्त्यात 'देशात झालेला खर्च' असं लिहिलेलं असेल, तर पर्यटकांचा वाटा वजा केलाय का ते तळटिपेत बघा.

खरी गंमत मात्र एकूण रकमेत नाही, वाटणीत आहे. तिथलं सांख्यिकी कार्यालय साधारण पाच वर्षांनी कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करतं आणि त्यावरून ग्राहक किंमत निर्देशांकाचे, म्हणजे महागाई मोजायच्या मापाचे, भारांक ठरवतं; भारांक म्हणजे एकूण खर्चात त्या गटाचा वाटा. दर हजारी खर्चात खाद्यपदार्थ आणि मद्याखेरीज इतर पेयांचा भारांक 2006-07 च्या पाहणीनुसार 286 होता, 2012 च्या पाहणीनुसार 273. माणसं कमी जेवू लागली असं नाही. हाती पैसा आला की ताटाचा वाटा घटतोच. त्याच काळात आरोग्य 30 वरून 40 वर गेलं आणि शिक्षण 32 वरून 45 वर. माध्यमिक शिक्षण तर 1977 पासून मोफत! पण खासगी शिकवण्यांची फी कोण भरणार? आपल्याकडच्या पालकांना हे वेगळं सांगायला नको.

घराच्या रकान्याशी जपून. 2012 च्या पाहणीत घर, पाणी, वीज, इंधन मिळून भारांक जेमतेम 120. राहणं स्वस्त आहे असा निष्कर्ष काढू नका. तिथली बहुतेक कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात आणि स्वतःच्या घराचं मानीव भाडं (तेच घर भाड्याने घेतलं असतं तर द्यावं लागलं असतं ते) या भारांकात धरत नाहीत. राष्ट्रीय हिशेबात, म्हणजे वरची जागतिक बँकेची मालिका ज्यातून येते त्यात, ते धरतात. म्हणून दोन्हीकडचे आकडे एकाच आलेखावर काढायचे नाहीत.

शेवटी 2020 वर खूण करा. त्या वर्षी कोरोनामुळे पर्यटक सुमारे 3 लाखांवर घसरले आणि घरखर्चालाही खड्डा पडला. त्या खड्ड्यातून वर येतानाची टक्केवारी भलतीच मोठी दिसते, म्हणून नंतरच्या वर्षांची तुलना 2020 शी न करता 2019 शी करा.