सेरिसा लावताय? या चुका टाळा

सेरिसा हे कुंडीत लावायचं शोभेचं छोटं झुडूप; पण सेरिसा म्हणून आणलेलं रोप पुष्कळदा सेरिसा नसतंच. बारीक पानं, दाट झुडूप, पांढरी चिमुकली फुलं, एवढ्यावर माणूस फसतो. मी तीन वर्षं ज्याला कौतुकाने सेरिसा म्हणत होतो, त्याला एक दिवस लाल फळं धरली. तो कार्मोना होता, तसंच दिसणारं दुसरं झुडूप.

म्हणून फुलांवर जाऊ नका, पान बघा. सेरिसाची पानं समोरासमोर जोडीने येतात, साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, कड सलग. कार्मोनाची पानं एकाआड एक, हाताला खरखरीत, वर बारीक पांढरे ठिपके आणि टोकाशी दोन-तीन दाते. कुफिया या आणखी एका बारीक पानांच्या झुडपाची पानंही जोडीनेच येतात, त्यामुळे तिथे घोटाळा जास्त; पण त्याच्या फुलाला सहा सुट्या पाकळ्या असतात, सेरिसाचं फूल मात्र खाली नळीसारखं जुळलेलं. भिंग असेल तर पानांच्या जोडीमध्ये खोडावर बघा. सेरिसात तिथे केसासारखी टोकदार उपपर्णं, म्हणजे पानाच्या बुडाशी येणारे चिमुकले भाग, दिसतात. अशी दोन पानांमधली उपपर्णं ही कॉफी, अनंत, एक्झोरा यांच्या कुळाची खूण, आणि सेरिसा त्याच घरातला. तरीही शंका उरली तर पान चुरगळा किंवा फांदी कापून वास घ्या. घाण वास आला तर रोप खरं! जुन्या शास्त्रीय नावातल्या ‘फिटिडा’चा अर्थच दुर्गंधी. आता त्याला सेरिसा जॅपोनिका म्हणतात.

आता मुख्य दुखणं. कुंडीची जागा बदलली, की सेरिसा रुसतो. आठवड्याभरात पानं पिवळी पडून गळू लागतात. आपण घाबरून पाणी वाढवतो, वर मूठभर खतही टाकतो, आणि रोप मरतं ते तिथे. पानं गळालेलं झाड फारसं पाणी ओढत नाही; माती ओली राहते, मुळं काळी पडून कुजतात. अशा वेळी फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. भरपूर उजेडात ठेवा, बोट घालून वरची माती सुकलेली लागली तरच पाणी द्या, खत बंद. कुंडी पुन्हा हलवू तर अजिबात नका. नवे फुटवे यायला तीन-चार आठवडे लागू शकतात. मात्र उलटंही खरं: माती पूर्ण कोरडी पडली तरी हा पानं टाकतो. दोन्हींत फरक कळायला बोटाशिवाय दुसरं साधन नाही.

पानं फिकट, त्यावर सुईच्या टोकाएवढे ठिपके आणि खालून बारीक जाळं असेल, तर पाण्याचा संबंध नाही, तो लालकोळी, पानांतला रस शोषणारा अगदी बारीक जीव. पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, पुन्हापुन्हा.

फुलं येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांच्या हातात बहुतेक कात्री असते. कळ्या शेंड्याला धरतात आणि आकाराच्या नादात आपण शेंडेच उडवतो. छाटणी बहर सरल्यावर करा. मुळापासून उठणारे धुमारे मात्र दिसले की काढा. कडेला पांढरी किनार असलेल्या जातीत एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर तीही बुडापासून काढा. ती जोमाने वाढून बाकीच्यांना झाकते.

छाटलेले कोवळे शेंडे फेकू नका. बोटभर लांबीचे तुकडे, खालची पानं काढून, ओलसर कोकोपीट आणि वाळूत खोचले की सहज मुळं धरतात. मूळ झाड रुसलंच तर ही चार रोपं हाताशी असतात.