दाढेची भूल: खुर्चीत बसण्यापूर्वी आणि उठल्यानंतर

दाढ काढायला किंवा रूट कॅनलला जाताना, डॉक्टरांनी तसे मुद्दाम सांगितले नसेल तर, उपाशी जाऊ नये. मुंबईत अनेकजण ऑफिस सुटल्यावर लोकलच्या गर्दीतून थेट दवाखाना गाठतात आणि मग सुई टोचल्यावर घेरी आली की औषध सोसले नाही असे समजतात. प्रत्यक्षात अशी घेरी बहुतेक वेळा भीतीमुळे येते आणि रिकामे पोट तिला हातभार लावते.

आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे लिग्नोकेन, म्हणजेच लिडोकेन. स्वीडनमध्ये १९४३ साली ते प्रथम तयार झाले. वेदनेचा संदेश मज्जातंतूतून पुढे सरकण्यासाठी सोडियमचे कण तंतूच्या आत शिरावे लागतात. लिग्नोकेन तंतूचे आवरण ओलांडून आत जाते आणि सोडियमची ही वाट आतून अडवते, त्यामुळे दाढेत काहीही चालले असले तरी त्याची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचत नाही. औषध रक्तात लवकर वाहून जाऊ नये म्हणून त्यात बहुधा किंचित अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेले असते. सुईनंतर क्षणभर छातीत धडधडते ते पुष्कळदा त्यामुळेच. म्हणून हृदयविकार, रक्तदाब, थायरॉइड, गरोदरपण, पूर्वी आलेली अ‍ॅलर्जी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या यांची माहिती सुईच्या आधी द्यावी, शक्यतो गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

वरच्या दाढांभोवतीचे हाड सच्छिद्र असल्याने तिथे दाढेलगत दिलेले औषध सहज झिरपते. खालच्या जबड्याचे हाड मागच्या बाजूला दाट असते, त्यामुळे तिथे जबड्याच्या मागच्या भागात, मुख्य मज्जातंतू हाडात शिरतो त्या जागेजवळ सुई द्यावी लागते आणि अर्धा ओठ, हनुवटी व बहुधा जिभेची ती बाजूही बधिर होते. ओठ जड झाला, मुंग्या आल्या, की औषध लागू पडू लागले असे समजावे. त्यासाठी काही मिनिटे थांबावे लागते आणि ती घाई करण्याची वेळ नव्हे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भूल वेदना थांबवते, दाब थांबवतेच असे नाही. दाढ हलवताना ओढ आणि दडपण जाणवणे स्वाभाविक आहे, परंतु टोचल्यासारखी तीक्ष्ण कळ आली तर सोसत बसू नये, ठरल्याप्रमाणे डावा हात वर करावा आणि डॉक्टरांनी आणखी औषध द्यावे. पू झालेल्या, सुजलेल्या दाढेत हे पुष्कळदा घडते, कारण तिथे आम्लता वाढलेली असते आणि आम्लतेत औषधाचा तंतूत शिरू शकणारा अंश कमी उरतो. यात रुग्णाचा भित्रेपणा नसतो आणि डॉक्टरांचा हात चुकलेला असतोच असेही नाही. दुखणे अंगावर काढून सूज चढेपर्यंत थांबू नये, असे म्हणतात ते याचसाठी. खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय इथे वेळेत जावे.

दाढेची भूल तासाभरात ओसरू लागते, पण ओठ आणि गाल तीन ते पाच तास बधिर राहू शकतात. तोवर वडापाव किंवा कटिंग चहा टाळावा, कारण गाल चावला गेला किंवा जीभ पोळली तरी कळत नाही. लहान मुले तर गंमत म्हणून ओठ चावत बसतात, त्यांच्याकडे सतत लक्ष ठेवावे. वेदनाशामक गोळी दिली असेल तर ती बधिरपणा पूर्ण जाण्याआधीच घ्यावी. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ सुन्न राहिली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. अंगावर पित्त उठले, तोंड-घसा सुजू लागला किंवा श्वास घेणे जड झाले, तर मात्र क्षणभरही न थांबता थेट रुग्णालय गाठावे.