ट्रॅक्टरचा आरपीएम काटा नाचतोय? आधी केबल बघा

सोयाबीनच्या मळणीआधी जुन्या ट्रॅक्टरचा आरपीएम काटा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा काटा, तपासूनच घ्या. थ्रेशरसाठी पीटीओचे (ट्रॅक्टरमागच्या, यंत्र फिरवणाऱ्या दांड्याचे) मिनिटाला 540 फेरे आपण त्यावरच जुळवतो.

काटा पडून असेल तर मीटरमागची केबल सोडवा, इंजिन सावकाश चालू ठेवा आणि आतली तार फिरते का बघा. फिरली तर बिघाड मीटरमध्ये. नाही फिरली तर तार तुटली असेल, किंवा तिचं चौकोनी टोक झिजून गोल झालं असेल.

काटा थरथरतो तेव्हा बहुतेक तार कोरडी असते. आपल्या वैशाखात ग्रीस वाळतंच. इंजिन बंद करून तार ओढून काढा, रॉकेलनं पुसा, बोटानं पातळ ग्रीस लावा. मीटरकडची वीतभर तार मात्र कोरडीच ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटर खराब करतं. केबल कुठं दुमडली असेल तर बदलाच.