टेप बॅकअप घेताय? ड्राइव्ह घ्यायच्या आधी हे वाचा आणि या चुका टाळा

टेप चांगली की हार्ड डिस्क यावर लोक तासन् तास वाद घालतात, पण एकदा टेप घ्यायची ठरली की कुठली टेप, कुठला ड्राइव्ह, हा विचार चहा संपायच्या आत उरकतात आणि नेमकी तिथंच माती खातात. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघतोय म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

"नवा ड्राइव्ह आहे म्हणजे जुनी टेप वाचणारच"

नाही वाचणार. ऑफिसातल्या बॅकअपला सहसा एलटीओ जातीच्या टेप वापरतात, आणि पुढचा आकडा म्हणजे तिची पिढी. एलटीओ-७ पर्यंत हिशेब सोपा होता, ड्राइव्ह स्वतःची आणि मागची एक पिढी लिहायचा आणि मागच्या दोन पिढ्या वाचायचा. २०१७ मध्ये एलटीओ-८ आला, त्यात हेडची (टेपवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाची) टेक्नॉलॉजी बदलली आणि मागे जाणं एकाच पिढीवर आलं. म्हणजे ८ चा ड्राइव्ह फक्त ७ आणि ८ घेतो, ९ चा फक्त ८ आणि ९. २०२५ चा एलटीओ-१० तर मागचं काहीच घेत नाही.

भोसरीतल्या एका डिझाइन कंपनीत हेच झालं. सगळी जुनी ड्रॉइंग्ज एलटीओ-६ वर, ड्राइव्ह कुरकुर करायला लागला म्हणून पर्चेसवाल्यांनी थेट एलटीओ-८ मागवला आणि जुना बाय-बॅकमध्ये देऊन मोकळे झाले. आयटीतल्या कुणाला विचारलंच नाही. काही महिन्यांनी एका कस्टमरला जुन्या डायचं (साच्याचं) ड्रॉइंग हवं होतं, टेप घातली की ड्राइव्ह बाहेर फेकतोय, दुसरी घातली तीही बाहेर. तिथला नवीन मुलगा घाबरून एकामागून एक टेप लावून बघत होता, वरून कुणीतरी त्याला क्लीनिंग टेप फिरव, परत फिरव असं फोनवर सांगत होतं. मी गेलो तर बारकोडच्या शेवटी एल६ स्पष्ट छापलेलं. टेप्स ठणठणीत होत्या हो, फक्त वाचणारं यंत्र विकून टाकलं होतं! शेवटी एक सेकंडहँड एलटीओ-७ शोधला, तो ५ आणि ६ दोन्ही वाचतो, आणि सगळा डेटा त्याच्यातून वाचून ८ च्या टेपवर चढवला. दोन्ही ड्राइव्ह शेजारीशेजारी, बरेच दिवस चाललं ते काम.

माझी सवय अशी की जुन्या पिढीची शेवटची टेप कॉपी होऊन तपासली जात नाही तोवर जुना ड्राइव्ह जागचा हलू द्यायचा नाही, पर्चेसने कितीही भुणभुण केली तरी. आणि एलटीओ-७ ची टेप ८ च्या ड्राइव्हमध्ये ९ टीबीला फॉरमॅट करायचा जो टाइप-एम चा शॉर्टकट आहे तो मी कधीच वापरत नाही. ६ टीबीचे ९ टीबी होतात खरे, पण मग ती टेप ७ चा ड्राइव्हही वाचत नाही आणि ९ चाही नाही. थोडे पैसे वाचवायला एवढं अडकून घ्यायचं कशाला?

खोक्यावरचा मोठा आकडा बघून खरेदी

एलटीओ-९ वर ४५ टीबी लिहिलेलं असतं, खरी जागा १८ टीबी. बाकीचा २.५ पट कॉम्प्रेशनचा अंदाज. व्हिडिओ, जेपेग, झिप असलं काही भरणार असाल तर १८ च धरा.

ड्राइव्ह फास्ट, डेटा रांगत

ही माझी दुसरी डोकेदुखी. एलटीओ-८ चा फुल-हाइट (मोठ्या आकाराचा) ड्राइव्ह ३६० एमबी पर सेकंदने लिहितो, आणि लोक त्याला एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून, तेही लाखो बारीक फाइल्स सरळ सर्व्हरवरून ओढून खायला घालतात. ती लाइनच जेमतेम ११० देते, बारीक फाइल्स असल्या की त्याच्याही खूप खाली. ड्राइव्ह स्वतःचा स्पीड कमी करतो, पण साधारण एक तृतीयांशापर्यंतच. त्याखाली गेलं की टेप थांबते, मागे जाते, परत पुढे, बुटाला ब्रश मारल्यासारखं चालू राहतं, त्यात हेडही झिजतं आणि टेपही. आणि मग "टेप स्लो आहे" म्हणून बोंबलणार! आधी सगळं लोकल एसएसडीवर घ्या, मोठ्या फाइल्समध्ये बांधा, मग टेपवर सोडा. मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीने करतच नाही.

बाकीच्या, थोडक्यात

डीगॉसरने, म्हणजे चुंबकाने टेप पुसायच्या यंत्राने, टेप पुसून परत वापरायची नाही. एलटीओवर फॅक्टरीत लिहिलेले सर्वो ट्रॅक (हेडला जागा दाखवणाऱ्या खुणा) पुसले जातात, टेप कायमची बाद. डॅट नावाच्या जुन्या छोट्या टेपच्या सवयीने लोक हे करतात.

नवी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा घातली की इनिशियलायझेशनला दोन तासांपर्यंत लागू शकतात. हँग झालाय समजून पॉवर काढू नका, जरा धीर धरा.

ड्राइव्हने मागितल्याशिवाय क्लीनिंग टेप घालू नका, ती हेड घासते.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात टेप नुसती कपाटात ठेवू नका. ह्युमिडिटी ५० टक्क्यांच्या आत हवी.

एलटीएफएसमध्ये (टेप पेनड्राइव्हसारखी फोल्डर-फाइल्समध्ये दाखवणारी फॉरमॅट) फाइल डिलीट केली तरी जागा परत मिळत नाही, टेप पुन्हा फॉरमॅट करावी लागते.

आयबीएमचा टीएस११७० हा एलटीओ सोडून वेगळ्या जातीचा ड्राइव्ह एका टेपवर ५० टीबी घेतो, भारी आहे, पण ड्राइव्ह एकाच कंपनीचा. छोट्या ऑफिसने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टेप ड्राइव्हमध्येच ठेवून घरी जाऊ नका. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर बगने जीमेलच्या काही लोकांचे मेल गायब झाले, वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या कॉप्यांसकट, आणि गूगलने ते टेपवरून परत आणले. टेप ऑफलाइन होती म्हणून बगच्या तावडीतून सुटली.

"बॅकअप सक्सेसफुल" वाचून निवांत होणं

ज्या ड्राइव्हने लिहिलं त्याच ड्राइव्हवर वाचून बघणं म्हणजे अर्धीच परीक्षा. दुसऱ्या ड्राइव्हवर, दुसऱ्या मशिनवर, एखादी मोठी फाइल टेपच्या सुरुवातीची आणि एक शेवटची काढून चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ फाइलशी जुळवा. एन्क्रिप्शन लावलं असेल तर त्याची की (किल्ली) त्याच सर्व्हरवर ठेवू नका ज्याचा बॅकअप घेताय, छापून तिजोरीत ठेवा, आणि रिस्टोअर करताना ती छापलेली की वापरूनच टेप उघडून बघा.