विंडोज १० वरून ११ कडे: घरच्या संगणकाची पूर्वतयारी

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचे मोफत सुरक्षा-अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही आणि त्या कारणाने पुढेही पडणार नाही. मात्र त्यानंतर उघडकीस येणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवरची दुरुस्ती अशा संगणकाला आपोआप मिळत नाही, आणि ज्या घरात त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, आयकर विवरणपत्र भरले जाते आणि मुलांचे प्रवेश-अर्जही पाठवले जातात, तिथे ही बाब टाळता येण्यासारखी नाही. विंडोज ११ टाकण्याचे प्रत्यक्ष काम संगणक स्वतःच करतो, त्यात आपला सहभाग बटणे दाबण्यापुरता असतो. आपले खरे काम त्याआधीचे आहे. ते सवडीने, दोन-तीन संध्याकाळी वाटून करावे; रविवारी सकाळी मनात आले आणि दुपारी बटण दाबले, असे करू नये.

संगणक पात्र आहे का

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ६४ बिटचा प्रोसेसर, यूईएफआय या नव्या पद्धतीचे फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम), सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी) सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर यादीत बसतात. ४ जीबी रॅमवर सिस्टीम सुरू होते, पण रोजचे काम करताना जीव मेटाकुटीला येतो. ८ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर आधी ती वाढवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीच गोष्ट जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर जो फरक पडतो, तो नव्या विंडोजने पडत नाही.

पात्रता तपासण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन वापरावे. 'टीपीएम नाही' असे उत्तर आले तर लगेच निराश होऊन नागपूरच्या सीताबर्डी बाजारात नवा संगणक पाहायला जाऊ नये, कारण पुष्कळदा ही सोय संगणकात असते आणि केवळ बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडते. मात्र बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली आहे का. तशी असेल आणि आपण बायोस थेट यूईएफआयवर वळवला, तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजमधीलच 'एमबीआर टू जीपीटी' या साधनाने डिस्कचे जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर करावे लागते, आणि हे काम ज्याला सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करण्याच्या विंडोजमधील सोयीची. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क मुळातच कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली येते आणि घरातल्या कोणालाही त्याची कल्पना नसते. बायोसमधील बदलानंतर संगणक सुरू करताना एकाएकी निळा पडदा येतो आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट, म्हणजे एकूण ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचे फोटो, कागदपत्रे, सगळेच कायमचे हातचे जाते. दुकानदार काही करू शकत नाही आणि मायक्रोसॉफ्टही नाही. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आजच त्या खात्यात जाऊन ती पाहावी, कागदावर लिहावी आणि तो कागद घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावा. त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक अजून चालू आहे का, हेही त्याच वेळी तपासावे, कारण बंद पडलेल्या सिमवर ओटीपी येत नाही.

संगणक खरोखरच अपात्र निघाला तर? इंटरनेटवर अट चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या सापडतात. घरच्या कामाच्या संगणकावर त्या वापरू नयेत, कारण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप करायचा तीच डळमळीत राहते. विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवरील घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना आखलेली आहे. तिची नोंदणी सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते. ज्यांचे काम ब्राउझर, ईमेल आणि पत्रव्यवहार एवढ्यावर भागते, त्यांनी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार अवश्य करावा.

प्रत, आणि त्या प्रतीची तपासणी

बॅकअप घेतला आहे असे पुष्कळजण सांगतात, पण तो उघडून पाहिलेला नसतो. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत करून झाली की ती डिस्क दुसऱ्या संगणकाला, शेजारच्या किंवा नातलगाच्या का होईना, जोडावी आणि चार-पाच फोटो, एखादा व्हिडिओ, दोन-तीन कागदपत्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत. मोठ्या फाइल जुन्या पेनड्राइव्हवर जात नसतील तर तो पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, हेही ध्यानात असावे. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हवर आपोआप सिंक होणारे फोल्डर ही सोय चांगली आहे, परंतु तिच्यावरच विसंबून राहू नये, कारण संगणकावरून पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते.

काय काय घ्यायचे, याची यादी प्रत्येक घराची वेगळी असते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर सगळ्यांना आठवतात. आठवत नाही ते दुसऱ्या सदस्याच्या नावाचे युजर खाते, डाउनलोड्समध्ये पडून राहिलेली मुलांची प्रमाणपत्रे, ब्राउझरमधील बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, आणि आउटलुकचे ईमेल साठवणारी पीएसटी फाइल. इतवारी-गांधीबागेतील अनेक व्यापारी दुकानाचे टॅलीचे हिशेब घरच्या संगणकावरही ठेवतात. त्यांनी टॅलीतूनच रीतसर बॅकअप घ्यावा आणि शिवाय डेटाच्या फोल्डरची प्रत वेगळी काढावी. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) आणि पासवर्ड हाताशी ठेवावा. विंडोज आणि ऑफिस या दोहोंचे सक्रियीकरण वैध आहे का, तेही सेटिंग्जमध्ये जाऊन पाहून घ्यावे. वैध विंडोज १० वरून ११ कडे जाण्यास वेगळे पैसे पडत नाहीत.

मराठी फॉन्ट आणि टंकलेखन

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण इंग्रजीतील मार्गदर्शनात तो सापडत नाही आणि नुकसान मात्र आपल्याकडेच होते. घरातील जुनी मराठी कागदपत्रे, म्हणजे वडिलांनी टंकलेले अर्ज, गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्ते, भाडेकरार, वंशावळ, बहुतेक वेळा युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांवर चालणारी युनिकोड ही अक्षर-पद्धत रुळण्याआधीच्या, फॉन्टमध्ये असतात. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. तो रोमन अक्षरांचा क्रम असतो आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचे रूप चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कृतिदेवमधले पत्र उघडले की 'नागपूर' या शब्दाच्या जागी यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा रोमन अक्षरे एका ओळीत उभी राहतात. फाइल खराब झाली असे समजून कोणी ती पुसून टाकते, आणि ते फार वाईट होते, कारण त्या फाइलमध्ये एका अक्षराचेही नुकसान झालेले नसते.

आहे त्या विंडोजवरच ११ चढवले तर फॉन्ट सहसा तसेच राहतात. डिस्क पुसून नव्याने टाकले तर जातात. दोन्ही परिस्थितींत आधीच सावध राहावे. सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाचे फोल्डर असते, त्यातून आपले सर्व मराठी फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावेत. फॉन्ट फक्त एका युजरसाठी टाकलेला असेल तर तो या फोल्डरऐवजी त्या युजरच्या अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरात असतो, तेव्हा तिथेही पाहावे. ज्या कागदांचे मोल आहे त्यांची 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' वापरून पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत होतो आणि पुढे कुठल्याही संगणकावर कागद जसाच्या तसा वाचता येतो. सवड मिळेल तेव्हा हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात, म्हणून नंतर एकदा नजरेखालून घालणे आवश्यक आहे.

जुन्या मराठी सॉफ्टवेअरना कधी कधी यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण, लागतो. त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो की नाही, याची विचारणा विक्रेत्याकडे आधीच करावी. नव्याने टंकलेखनासाठी मात्र काहीही विकत घेण्याची गरज नाही: मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात. नव्या विंडोजमध्ये मंगल किंवा कोकिळा हे फॉन्ट दिसले नाहीत तर घाबरू नये. ते देवनागरीच्या पूरक फॉन्टच्या गटात ठेवलेले असून सेटिंग्जमधील ऑप्शनल फीचर्स या विभागातून मोफत उतरवता येतात.

वीज, ऊन आणि दिवस

अपग्रेडला एसएसडीवर तासभर आणि जुन्या डिस्कवर त्याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. मधेच वीज गेली तर विंडोज मागे परतण्याचा प्रयत्न करते, पण तो प्रयत्न दर वेळी यशस्वी होतोच असे नाही. डेस्कटॉपचा छोटा यूपीएस थोडीच मिनिटे तग धरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर यूपीएस त्यावरच्या प्लगला जोडावा, म्हणजे वीज इन्व्हर्टरवर जातानाचा क्षणभराचा खंड यूपीएस सांभाळेल आणि पुढचा वेळ इन्व्हर्टर. महावितरणकडून देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची सूचना आली असेल तर तो दिवस अर्थातच टाळावा.

नागपुरात शक्यतो हिवाळ्यात हे काम उरकावे. मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमधला प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्याच दिवसांत संध्याकाळी वादळ येऊन वीज जाते. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर पहाटे सुरुवात करावी, आदल्या दिवशी कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ काढावी आणि डेझर्ट कूलरचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर येणार नाही असे पाहावे.

डाउनलोड काही जीबींचे असते. मोबाइलच्या दिवसाकाठी मिळणाऱ्या डेटावर ते उरकत नाही, म्हणून घरच्या ब्रॉडबँडवर आदल्या रात्री उतरवून ठेवावे, आणि फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. कोणी पेनड्राइव्हवर आणून दिलेली किंवा टेलिग्रामवर मिळालेली विंडोज घरच्या संगणकात टाकू नये.

सुरू करण्याआधी विंडोज १० चे राहिलेले अपडेट पूर्ण करावेत, सी ड्राइव्हवर ३०-४० जीबी जागा मोकळी करावी, बाहेरून टाकलेला अँटिव्हायरस काढावा, आणि प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि विशेषतः बॅकअपची डिस्क हे सारे संगणकापासून सोडवावे.

अपग्रेडनंतर जुन्या विंडोजवर परतण्याची मुभा १० दिवस असते, त्यासाठीची जुनी प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये राहते. जागा हवी म्हणून ते फोल्डर लगेच पुसू नये. त्या दहा दिवसांतच प्रिंटरवर एक पान छापावे, स्कॅनर चालवून पाहावा, टॅली उघडावे, डिजिटल स्वाक्षरीने एकदा लॉगिन करावे आणि जुन्या फॉन्टमधले एक पत्र उघडून वाचावे. यांपैकी काही अडले आणि आठवड्याभरात मार्ग निघाला नाही, तर सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावरून 'गो बॅक' निवडावे; मुदत उलटल्यावर ते बटण चालत नाही.