एमएच ३७० च्या शोधाची बातमी कशी पारखावी

क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले, २३९ जणांसह ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेले मलेशिया एअरलाइन्सचे हे विमान ‘सापडले’ अशी बातमी आली, की प्रथम सांगितलेली जागा हिंदी महासागरातील ‘सातव्या कमानी’जवळ (अखेरच्या संकेतावेळी विमान जिच्यावर कुठेतरी होते, त्या वक्र रेषेजवळ) आहे का, हे नकाशावर पाहावे. मलेशियन वेळेनुसार सकाळी ८.१९ वाजता विमानाकडून उपग्रहाला मिळालेल्या अखेरच्या संकेताला किती वेळ लागला, यावरून ही रेषा आखलेली आहे. तिच्यापासून फार दूरचा दावा बहुधा बाजूलाच ठेवावा. अवशेषाच्या छायाचित्रापेक्षा त्यावरील क्रमांकाला अधिक मोल द्यावे, कारण २०१५ मध्ये रियुनियन बेटावर मिळालेल्या पंखाच्या भागाची ओळख अशाच क्रमांकांवरून पटली. प्रवाशांमध्ये ५ भारतीयही होते. अधिकृत दुजोऱ्याआधी कोणत्याही कुटुंबापर्यंत अशी बातमी कृपया पोहोचवू नये.