कोकणात सुट्टीसाठी फ्लॅट बुक करताय? आधी या चुका टाळा

फोटो खोटे असतात असं सगळे म्हणतात, पण मला तसं वाटत नाही, फोटो बहुतेक वेळा खरेच असतात, फक्त नवीन फ्लॅट होता तेव्हाचे असतात. खाऱ्या हवेत एसी, बाल्कनीचं ग्रिल, नळ, कुलपं सगळं भराभर गंजतं आणि पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीतल्या गादीला कुबट वास धरतो. म्हणून मालकाला आजचा व्हिडिओ पाठवायला सांगा, बाथरूमचा आणि चादर काढून गादीचा. टाळाटाळ केली की काय ते समजा.

'सी व्ह्यू' वाचून जास्त पैसे भरू नका. मध्ये सुरूचं बन असतं, समुद्र फक्त ऐकू येतो, किंवा टेरेसवर टाकीच्या बाजूला उभं राहिलं की दिसतो. कुठल्या खोलीच्या कुठल्या खिडकीतून दिसतो हे सरळ विचारा.

गावही नीट बघा. मुरुड दोन आहेत, एक रायगडात जंजिऱ्याचं आणि एक रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचं, मध्ये सावित्रीची खाडी. ती ओलांडणारी बागमांडला-वेसवी फेरीबोट रात्री बंद झाली की भला मोठा वळसा, आणि तोपर्यंत पोरं गाडीत रडून झोपलेली.

आता पाणी, कारण खरा विचका इथेच होतो. पाऊस धो-धो पडतो पण जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये कित्येक विहिरी तळाला जातात आणि किनाऱ्याजवळ जे उरतं ते मचूळ होतं. मग साबणाला फेस येत नाही, केस चिकट, चहा बेचव, कुकरच्या चार शिट्ट्या जास्त काढल्या तरी डाळ कडकच. 'पाणी २४ तास आहे ना?' असं विचाराल तर हो म्हणणारच की. विहिरीचं का बोअरचं का टँकरचं, आणि प्यायचं कुठून आणायचं, असं विचारा. 'इन्व्हर्टर आहे'चंही तेच, त्यावर पंखे आणि दोन दिवे चालतात, एसी-गिझर नाही, आणि पावसाळ्यात लाईट जातेच.

जेवणाचं विसरू नका, फ्लॅट म्हणजे होमस्टे नव्हे. जवळच्या खाणावळीत सकाळीच ऑर्डर सांगावी लागते, नाहीतर दुपारी बिस्किटं.

आणि तरी फसलात तर? 'जाऊ दे, दोनच दिवस आहेत' म्हणून गप्प बसू नका. केअरटेकरला फोन केला की 'लावतो हां मोटार' एवढंच मिळतं, तो गावातला पगारी माणूस, रिफंड त्याच्या हातात नसतो, त्याच्यावर ओरडून फायदा नाही. मालकाला त्याच रात्री ॲपच्या चॅटमध्ये फोटोसकट लिहा. एअरबीएनबीवर तर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. थोडी सूट मिळते म्हणून ॲपबाहेर थेट यूपीआय केलं असेल तर मात्र ॲपवाले हात वर करतात, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि जाऊन बघता फ्लॅटच नाही असा प्रकार असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. डिपॉझिट घेतलं असेल तर बॅगा उघडायच्या आधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, ओट्याची जुनी चीरसुद्धा त्यात येऊ द्या.